आत्याबाईंच्या पेजवरचं सार

आधीच सांगते... भुतंखेतं, देवदेवस्की, अंगात येणं यातलं मी काहीही मानत नाही. तेव्हा मानत नव्हते, आजही मानत नाही. तंजावरच्या एका मुलींच्या कॉलेजात मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. तेव्हा ‘काहीतरी लॉजिकल कारण असेलच’ अशी कॉमेंट लिहायचे कष्ट कुणी घेऊ नका. ते वाक्य मी स्वतःलाच ऐकवून ऐकवून गुळगुळीत केलंय.

मी मूळची सोलापूरची, लग्न होऊन तंजावरला आले. सासर मराठीच, पण तंजावरच्या मराठा राजांच्या काळात इकडे येऊन इथलंच झालेलं. बोलणं मराठी, हेल तमिळ, आणि देवनागरी वाचता येणारी घरात मी एकटीच. गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. जुन्या बसस्टँडजवळ एसटीडी बूथच्या शेजारी एक ब्राउझिंग सेंटर नुकतंच उघडलं होतं. प्लायवूडचे आडोसे, किरकिरणारा मोडेम, आणि दर थोड्या वेळानं तुटणारी लाइन.

तिथं मी वेबसाइट करायला घेतली. मासिकातले लेख वाचून एचटीएमएल शिकले आणि फुकट जागा देणाऱ्या एका साइटवर घर थाटलं. विषय म्हणजे आमच्या घरातल्या बायका आणि त्यांचे पदार्थ. एकेकीला एकेक पेज. भाषा मराठी, पण अक्षरं इंग्रजी, म्हणजे बेंगळूर-मद्रासकडच्या पोरांनाही वाचता यावं. लोकांना वाटलं, बाईंना छंद लागलाय. छंद होताच, पण त्याच्या मुळाशी राग होता.

आमच्याकडे लग्नाआधी सुवासिनींची पूजा असते. घरातल्या ज्या बायका कुंकवासकट गेल्या त्यांना नावानं हाक मारायची, त्यांच्यासाठी केळीचं पान मांडायचं, नऊवारी ठेवायची, जेवायला वाढायचं. विधवा म्हणून गेलेलीला हाकही नाही अन् पानही नाही. माझे यजमान गेल्यावर पुतण्याच्या लग्नात मला, ‘तू जरा आतल्या खोलीत बस’ असं प्रेमानं सांगण्यात आलं. मी बसले. आणि बसल्या बसल्या ठरवलं की एक तरी जागा अशी करायची जिथं आतली खोली नसेल.

म्हणून साइटवर पहिलं पेज केलं ते आत्याबाईंचं. या माझ्या सासऱ्यांच्या बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतल्या आणि मरेपर्यंत त्यांनीच सोवळ्यात अख्ख्या घराचा स्वयंपाक केला. मी नवी नवरी असताना त्यांच्या हातचं जेवलेय. दूधवाल्यापासून सगळे त्यांना आत्याच म्हणायचे. खरं नाव मी किती जणांना विचारलं, कुणालाही ठाऊक नव्हतं. त्या कडुनिंबाच्या वाळवलेल्या फुलांचं सार करायच्या... ते मात्र सगळ्यांना आठवत होतं. त्यांच्यामागून आम्ही साऱ्याजणी ते करून थकलो. फुलं तुपात परतायची, चिंचेच्या सारात सोडायची. बिघडलं की आणखी तूप घालायचं. कधी नुसतं कडू, कधी नुसतं तुपकट. त्यांचं ते सार काही जमलं नाही ते नाहीच.

त्यामुळे पेजवर मी एवढंच लिहिलं – ‘आत्या. नाव माहीत नाही. या घराला हिनं जेवू घातलं. हिचं कडुनिंबाच्या फुलांचं सार कुणालाच जमत नाही.’ बस. कृती लिहिली नाही. नव्हतीच तर लिहिणार काय?

त्याच सुमारास माझ्या मुलीचं, रेवतीचं लग्न ठरलं. मी विधवा, म्हणजे सुवासिनींची पूजा मोठ्या जाऊबाईंनीच करायला हवी. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्या जवळच्या पापनाशम गावात राहायच्या. त्यांच्या मुलानं मद्रासहून साइट बघून त्यांना सांगितलं असणार, कारण अक्कांचा फोन आला. शुभकार्य तोंडावर आलेलं असताना त्या विधवा आत्याला सुवासिनींच्या पंगतीत कशाला बसवलंस, असं त्यांचं म्हणणं. तिला काढून टाक, तरच मी येईन.

मी म्हटलं, काढणार नाही.

रेवती रडली. पूजा झाली नाही तर मुलाकडचे काय म्हणतील, ही तिची भीती खोटी नव्हती. एक पेज काही दिवस काढून ठेवायला तुझं काय जातं, असं तिनं विचारलं. मी तिला म्हटलं, आज आत्याबाईंना आत ढकललं, तर उद्या तुझ्या मुलीच्या लग्नात मला ढकलशील. मला रात्रंदिवस अपराधी वाटत होतं, ते कबूल करते. पण पेज काढलं नाही.

मग बेंगळूरहून नणंदेच्या मुलीचा फोन आला. मामी, तुम्ही लिहिलंय तसंच आत्याचं सार केलं, म्हणाली, आणि पहिला घोट घेताच अम्मा रडायला लागली. मी विचारलं, मी काय लिहिलंय? तिनं धडाधडा सांगितलं. फुलं कोरडी भाजायची. तांदळाच्या दुसऱ्या धुवणात भिजत घालायची. सार चुलीवरून उतरवलं की त्या पाण्यासकट ओतायची आणि झाकण ठेवायचं. तूप थेंबभरही नाही.

मी रिसीव्हर ठेवला आणि तडक सेंटर गाठलं. पेज उघडलं. मी लिहिलेलं तेवढंच होतं, त्यापुढे एक अक्षर नाही. फ्लॉपीतली फाइल पाहिली, तीही तशीच. पासवर्ड माझ्याखेरीज कुणाकडे नव्हता. सेंटरवाल्याला मराठीचा गंध नाही. बरं, कुणी चावटपणा केला म्हणावं, तर त्याला ती कृती ठाऊक असायला हवी ना?

घरी सार करून बघायला माझा हात धजेना. मी मानत नाही म्हटलं ना... तरीही धजेना.

पूजेच्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि अक्का उतरल्या. सोवळं नेसून थेट स्वयंपाकघरात शिरल्या. मी दारात उभी राहून पाहत होते. त्यांनी फुलं कोरडी भाजली. तांदूळ धुतले, पहिलं पाणी फेकलं, दुसरं ठेवलं. तूप शेजारीच होतं, त्याला त्यांनी हात लावला नाही.

“तुम्हांला हें कुणी सांगितलं, अक्का?” मी विचारलं.

“तूंच लिहिलेंस की. पोरानें फोनवर वाचून दाखवलें.” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “आम्हीं जन्मभर तूप घालत बसलों. तिला तूप कोण देत होतें ग, सरोजा? नव्हतें, म्हणून तिनें तसें केलें.”

मी एवढंसं चाखलं. तेच होतं. कडू आधी, आणि मागून गोडसर काहीतरी... माझ्या डोळ्यांपुढे नव्या नवरीचं माझं ताट आलं.

पानं मांडून झाल्यावर अक्कांनी आणखी एक पान आणलं आणि रांगेत, इतरांच्या बरोबरीनं मांडलं. भटजी काही बोलू लागले, तर त्यांनी नुसता हात वर केला. मग एकेक नाव घेत हाक मारत आल्या आणि त्या पानापाशी अडल्या.

“हिला काय म्हणून बोलावूं?” त्यांनी मला विचारलं.

शेवटी त्या ‘आत्या’ एवढंच म्हणाल्या. आणि माझ्या हातात साराचं भांडं देऊन म्हणाल्या, “हें तूं वाढ.” सगळ्यांसमोर, पूजेच्या खोलीत, मी ते वाढलं.

भाचीला आणि अक्कांना मी नंतर वेगवेगळं खोदून खोदून विचारलं. बेंगळूर आणि पापनाशम, दोघींची आपसात बोलाचालीही नव्हती. अक्कांचा मुलगा तर शपथेवर सांगतो की स्क्रीनवर होतं तेच त्यानं वाचलं. तर्क शंभर केले, एकही टिकला नाही.

ती फुकट साइट पुढे बंद पडली. मी सगळी पेजेस दुसरीकडे हलवली. आत्याबाईंचं पेज आजही जसंच्या तसं आहे. कृती मी अजून त्यावर घातलेली नाही... ती त्यांची आहे, त्यांनाच सांगू दे. ‘नाव माहीत नाही’ हे वाक्यही तसंच आहे. कुणी काहीही म्हणो, ते पेज मी काढणार नाही.

फक्त एक विनंती. तुम्ही कधी ते उघडलंत आणि तिथं तुम्हाला नाव दिसलं, तर मला सांगा. मला दिसत नाही.