पलीकडची होडी

शाळेच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोनदा लेख मागितला गेला. दोन्ही वेळा मी सहली, स्नेहसंमेलनं आणि दहावीचे निकाल यांवर लिहून दिलं आणि घंटेचा विषय टाळला. आता टाळत राहण्याइतकं आयुष्य उरलेलं नाही, म्हणून लिहितो.

आमची माध्यमिक शाळा आंबेगाव तालुक्यात, धरणाच्या पाण्यात उभी आहे. धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं आणि माणसं दोन्ही काठांवरच्या वाड्यांत पांगली. टेकाडावरची शाळा तेवढी राहिली. पावसाळ्यात टेकाडाचं बेट होई, मुलं होड्यांतून येत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की चालत जाता येई. मग मधल्या सुट्टीत मुली चिखलातून वर आलेल्या जुन्या जोत्यांवर जाऊन बसत. "सर, ही आमची वसरी. चपला काढून या!" असं एकीनं मला बजावलं होतं. त्या घरात ती एक दिवसही राहिलेली नव्हती.

मी बोरीकडचा, सपाटीवरचा. पाण्याची सवय नाही. रुजू झालो त्या दिवशी होडीच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसलो होतो. काठावर शाळेचे शिपाई उभे होते. सगळे त्यांना मामा म्हणत.

"सर, होडी कशाला धरताय? ती बुडाली तर तुमाला घेऊनच बुडंल," ते म्हणाले आणि हात पुढं केला. तो हात धरून मी बेटावर पाय ठेवला.

पाऊस जोरात आला की पत्र्यावर इतका आवाज होई की शिकवणं बंद करून फळ्यावर लिहीत बसावं लागे. व्हरांड्यातल्या खिळ्यांना इरली टांगलेली असत आणि त्यांचं पाणी ओघळत असे. वर्गात ओल्या कपड्यांचा आणि दप्तरातल्या नाचणीच्या भाकरीचा वास मिसळलेला असे. एखाद्या बंद खोलीत तसा वास आला तर आजही मी दारात थबकतो.

आमची घंटा म्हणजे जांभळाला टांगलेला रुळाचा तुकडा. ती मामांच्या ताब्यात असे. इतर शाळांत घंटा वेळ सांगते, आमची दिशाही सांगायची. धुकं उतरलं की काठ दिसेनासे होत. मग शेवटची होडी बेटाला लागेपर्यंत मामा ठोके देत राहत आणि होडीवाला त्या आवाजाच्या रोखानं वल्हवत येई. ही रीत शाळेइतकीच जुनी होती. मला ती कुणी सांगितली नव्हती असं म्हणायची सोय नाही. सांगितली होती, मी हसण्यावारी नेली होती.

भाद्रपदातली ती सकाळ. मुख्याध्यापक घोडेगावला मीटिंगला गेलेले, शाळा माझ्या हवाली. चाचणी परीक्षेचं श्रुतलेखन चालू होतं. बाहेर दाट धुकं होतं आणि ठोके थांबत नव्हते. माझं वाक्य मुलांपर्यंत पोहोचेना. वर्ग तर भरल्यासारखा दिसत होता. मी बाहेर आलो.

"मामा, पुरे आता. परीक्षा चालू आहे."

"सर, पलीकडची होडी याची हाय अजून."

"आज येणार नसेल. बंद करा म्हणतो ना!"

त्या होडीत त्यांची स्वतःची मुलगी होती. आठवीत होती. मामा पहाटेच आपल्या डोंगीतून येत, ती मागून वाडीतल्या मुलांबरोबर येई. त्यांनी हातोडी खाली ठेवली, पण जांभळाखालून हलले नाहीत.

आवाज थांबला तशी होडी भरकटली आणि बुडालेल्या झाडांच्या शेंड्यांत अडकली. फळी फुटली. धुकं विरेपर्यंत मुलं होडीत शिरलेल्या गुडघाभर पाण्यात एकमेकांना धरून बसली होती. सगळी सुखरूप परत आली. दप्तरं तेवढी गेली.

दुपारी पालक बेटावर आले. "घंटा का थांबली?" एकानं विचारलं. सगळ्यांची नजर मामांकडे गेली. मामांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच.

"झोपला आसंल! सोताची पोरगी पान्यात आन् बाप घोरतोय!" पालकांतून कुणीतरी ओरडलं.

मी म्हणालो, "पहाटे उठतात बिचारे. लागला असेल डोळा."

ओरडून केलेला आरोप कदाचित विरून गेला असता. मी तो कनवाळूपणे केला, म्हणून टिकला. घंटा मामांकडून काढून मोठ्या मुलांकडे दिली. संध्याकाळी मी काही बोलणार, त्याआधी तेच म्हणाले, "राहू द्या. तुमी नवं, तुमाला हाकललं आस्तं लोकांनी. मला कुठं हाकलत्यात? मी हितलाच." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही. त्याच शाळेतून मी निवृत्त झालो.

आता काठानं डांबरी रस्ता झालाय. बरीच मुलं एसटीनं घोडेगावला जातात. उरलेली लाँचनं येतात आणि इरल्यांच्या खिळ्यांवर नारिंगी जाकिटं टांगतात. छपरावर सोलर आहे, संगणकाची खोली आहे. लाँचला भोंगा आहे, त्यामुळे घंटा शोभेपुरती उरली. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तिला हार घातला आणि पहिला ठोका द्यायला मला बोलावलं. मामा पुढच्या रांगेत बसले होते. मी म्हणालो, "हा मान मामांचा."

"नको सर, त्यांना झोप लागंल!" मागून कुणीतरी ओरडलं. मंडप हसला. मामाही हसले. आणि माईक हातात असताना मीही हसलो.

यंदाच्या पावसाळ्यात मामा गेले. दहाव्याला मी गेलो. त्यांची मुलगी आता त्याच शाळेत मुलांचा भात शिजवते. तिनं चहा पुढं ठेवला.

"आबांनी उभ्या जन्मात कामात कुचराई केली न्हाई, सर. ती एक सकाळ सोडली तर," ती म्हणाली. "मी तर त्यांना कवाच माफ केलंय."

मी कप खाली ठेवला. "पोरी, त्या दिवशी घंटा..."

खालून लाँचचा भोंगा वाजला.

"निघा सर, शेवटची हाय." ती काठापर्यंत सोबत आली. "पाय जपून, फळी वली हाय." तिनं हात पुढं केला. तो धरून मी लाँचमध्ये चढलो.