एका बटणाची उंची

चेस्टर व्रोना, सगळ्यांचा चेट, तेहतीस वर्षं मातीत हात घालून जगला, आणि त्याबद्दल त्याला पगार, पेन्शन आणि दातांचा विमा असं सगळं मिळालं. माती म्हणजे शेतातली नव्हे. वॉरेन गावातल्या मोटारींच्या कंपनीत नवी गाडी बाजारात यायच्या आधी तिचा खऱ्या मापाचा मातीचा पुतळा करतात. तपकिरी, मेणचट माती. भट्टीत तापवली की लोण्यासारखी लिंपता येते, निवली की साबणासारखी तासता येते. डेट्रॉइटच्या आसपास अशी माती तासणारे शे-दोनशे लोक असतील. त्यांना गणपतीच्या कारखान्यात नेऊन सोडलं तर पहिले दोन दिवस त्यांना करमेल. तिसऱ्या दिवशी ते गणपतीच्या पोटाला वारा किती अडतो ते मोजायला लागतील.

चेटच्या हाताखालून आठ अवजड पिकअप गाड्या गेल्या होत्या. घोड्यांचा ट्रेलर ओढणाऱ्या, बर्फ लोटणाऱ्या आणि बहुतेक वेळा नुसत्या दुधाचा कॅन आणायला जाणाऱ्या. या भागात माणसाची ऐपत त्याच्या घरावरून कळत नाही, दारातल्या पिकअपच्या नाकावरून कळते. आणि ती नाकं चेटच्या डोळ्यांदेखत दर पिढीला वर वर चालली होती. त्याने केलेल्या पहिल्या गाडीचं बॉनेट त्याच्या पट्ट्याच्या जरा वर येई. चेट मोजपट्टीआधी शर्ट वापरायचा. गाडीच्या नाकापुढे उभं राहायचं आणि बॉनेटची कड कितव्या बटणाला लागते ते बघायचं. तेहतीस वर्षांत कड वरून सहाव्या बटणापासून चौथ्यापर्यंत चढली होती. "मी निवृत्त होईपर्यंत ही माझ्या गळ्याला येईल," असं तो म्हणायचा, आणि सगळे हसायचे.

त्याची बायको डोलोरेस मात्र हसत नसे. डोलोरेसची उंची चार फूट अकरा इंच, त्यातला एक इंच केसांचा. ती चर्चतर्फे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण पोचवायची, नवऱ्यानेच घडवलेल्या पिकअपमधून, ढुंगणाखाली दोन उशा घेऊन. एका रविवारी चर्चच्या आवारात गाडी वळवताना तिने सेंट जोसेफचा सिमेंटचा पुतळा आडवा केला. तिला तो दिसलाच नव्हता. पुतळा तीन फुटांचा होता. फादर म्हणाले की जोसेफ स्वतः सुतार होते, ते समजून घेतील. पाद्रीबाबांपासून पुरणासारखं सारण भरलेले पाँच्की तळणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्यांनी वर्षभर त्यावर विनोद केले. चेटनेही केले. पण त्याच जागेवरून मिनिटभर आधी पहिल्या प्रभुभोजनाच्या पांढऱ्या झग्यांतल्या सात-आठ वर्षांच्या मुली ओळीने गेल्या होत्या, हे फक्त नवरा-बायकोच्या लक्षात राहिलं होतं. डोलोरेसने त्या दिवशी किल्ल्या फ्रिजवरच्या बशीत टाकल्या आणि पुन्हा उचलल्या नाहीत.

चेटने तिला शब्द दिला. आपली शेवटची गाडी तिला दिसेल अशी करीन. म्हणजे गाडी दिसेल असं नव्हे, गाडीपुढचं दिसेल असं.

आता हे सोपं नव्हतं, कारण गाडीचं नाक माती तासणारा ठरवत नाही. ते कागदावर चित्र काढणारे साहेब ठरवतात. पण कारखान्याची एक रीत अशी होती की मातीचा पुतळा एकच, बाजू दोन. डावी बाजू एका मताची, उजवी दुसऱ्या मताची. मधोमध एक रेघ. पुतळ्यापुढे आरसा धरला की अर्ध्या गाडीची अख्खी दिसते. मग बडे साहेब येतात आणि दोन्हींतली एक निवडतात. ती मधली रेघ म्हणजे या लोकांची सरहद्द. आपली बाजू सोडून दुसऱ्याच्या बाजूला नख लावायचं नाही. दुसऱ्याच्या बाजूवरून ढलपी खाली पडली तरी ती त्यानेच उचलायची. कुणी लिहून ठेवलेला नियम नाही, पण एकाने तो मोडला तेव्हा त्याच्याशी पाच वर्षं कुणी जेवणाच्या टेबलावर बोललं नव्हतं, अशी कथा नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगत.

शेवटच्या गाडीची उजवी बाजू चेटची होती आणि डावी डेल स्टिडमची.

डेल म्हणजे चेटचा हात. बाप केंटकीहून कारखान्यात आलेला, स्वतः हेझल पार्कला वाढलेला, तोंडाने सैल आणि बोटांनी कमालीचा नेमका. सव्वीस वर्षांपूर्वी चेटने त्याला पाती धरायला शिकवलं. डोळे मिटून तळव्याने मातीवरचा केसाएवढा फुगवटा कसा शोधायचा तेही. डेल त्याला 'म्हाताऱ्या' म्हणायचा. चेट पस्तिशीत असल्यापासून म्हणायचा, त्यामुळे शब्दाला काही वजन उरलं नव्हतं. शुक्रवारी पत्ते, मांस न खायच्या उपासाच्या दिवसांत चर्चमधली तळलेली मासळी, आणि पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मुहूर्त: सगळीकडे जोडी ठरलेली.

चेटने त्याच्यापुढे बेत मांडला. दोघांनी तोंडवळे काय हवे ते वेगळे करायचे, पण बॉनेटची उंची दोन्ही बाजूंना सारखीच ठेवायची, आताच्या गाडीहून चार इंच खाली. साहेब डावी निवडोत की उजवी, नाक खालीच. डेल मोठ्याने हसला. "म्हणजे त्यांना दोन दारं दाखवायची आणि दोन्ही तुझ्याच स्वयंपाकघरात उघडायची." मग त्याने मातीने माखलेला हात पुढे केला.

सात महिने काम चाललं. मधे पुतळा वाऱ्याच्या बोगद्यात गेला. तिथल्या बाईंनी धुराची रेघ सोडली, आणि ती नेहमीप्रमाणे नाकावर आपटून चार दिशांना फुटायच्या ऐवजी बॉनेटवरून घरंगळत काचेवर, काचेवरून टपावर गेली. जुनी गाडी, बाई म्हणाल्या, वाऱ्यात कोठाराचं दार ढकलत नेल्यासारखी चालते. ही त्या मानाने माणसात आली आहे. अर्थात त्या आकड्यांना ओवाळणारं कुणी नव्हतं. इतक्या वजनाच्या गाडीच्या काचेवर मायलेजची चिठ्ठी लावावी लागत नाही, आणि जे चिठ्ठीवर नाही ते साहेबांच्या डोक्यात नाही. पुढच्या जाळीचंही तसंच. इंजिनाला हवा लागते म्हणून एवढा मोठा जबडा, असं लोकांना सांगायचं. त्यातले निम्मे दात मागून बुजवलेले असतात, हे चेटइतकं कुणाला माहीत असणार? बुजवायची माती त्यानेच लिंपली होती.

तेरा नोव्हेंबरला पुतळा पुरा झाला. दोन्ही बाजूंवर रंगाची चकचकीत पातळ कातडी ताणून बसवली, वर कापड टाकलं. साहेबांची पाहणी एकोणीसला. मधल्या दिवसांत अर्धा मिशिगन हरणांच्या मागे रानात असतो, त्यामुळे कारखान्यात चिटपाखरू नसणार. चेट निघाला. डेलने मुहूर्ताच्या आदल्या रात्री, चौदाला, फोन केला, कंबर धरली आहे, यंदा येत नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. चेट एकटाच गेला, चार दिवस झाडावरच्या मचाणावर थंडीत कुडकुडला, एक हरण मिळालं, आणि येताना डेलच्या कमरेसाठी त्याचे सॉसेज करून घेऊन आला. हरणाचं मांस कमरेला चांगलं असं कुणी म्हटलेलं नाही, पण प्रेमाला वैद्यकशास्त्र लागत नाही.

एकोणीसला सकाळी कापड ओढलं.

चेट नेहमीच्या जागी, नाकापुढे उभा होता. त्याला प्रथम वाटलं, आपला शर्ट खाली सरकला आहे. मग वाटलं, रानात चार दिवसांत माणूस खुजा होत असेल. बॉनेटची कड वरून तिसऱ्या बटणाला लागत होती. तेरा तारखेला ती पाचव्याला होती. त्याने डावीकडे पाहिलं, डेलची बाजू. तीही वर. मग आपल्या बाजूपाशी जाऊन वाकून पाहिलं.

उंची वाढवायला नुसती वर माती थापून भागत नाही. कड दोन बटणं वर गेली की चाकावरची कमान बदलते, दिव्याच्या कोपऱ्यातली घडी बदलते, प्रकाशाची जी रेघ नाकापासून दारापर्यंत धावते ती नव्याने धाववावी लागते. ते सगळं केलेलं होतं. आणि ते चेटच्या हाताने केलेलं होतं. म्हणजे त्याने केलं नव्हतं, पण दिव्याच्या कोपऱ्यात अंगठ्याने जरा दाबून घडी मऊ करायची त्याची सवय तिथे होती. यंत्राला ते जमलं नसतं. ते जमणारी माणसं जगात दोन होती, आणि दुसरा माणूस समोर, पुतळ्याच्या डाव्या बाजूला उभा राहून बुटांच्या नाड्यांकडे पाहत होता.

बडे साहेब आरसा धरून दोन्ही बाजूंनी फिरले. उजवीपाशी थांबले. म्हणाले, बरेच दिवसांनी अशी गाडी पाहिली, समोरून आली तर रस्ता आपोआप मोकळा होईल. मग चेटच्या खांद्यावर हात ठेवला. चेटने तोंड उघडलं. "उंची," तो म्हणाला, "उंची जी आहे…"

"उंचीच तर," बडे साहेब म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्यांत माणसाला खरं बोलता येत नाही, विशेषतः टाळ्या त्याच्यासाठी असतील तर. शिवाय खरं बोलायचं म्हणजे काय? की आम्ही दोघांनी सात महिने साहेबांना फसवायचा कट केला, आणि आता त्यातल्या एकाने दुसऱ्याला फसवलं?

सगळे कॉफीला गेल्यावर भट्टीच्या खोलीत त्याने डेलला गाठलं. सॉसेजचं पुडकं अजून त्याच्या काखेत होतं. डेलने काही लपवलं नाही. चौदा तारखेला विभागाच्या साहेबांनी त्याला बोलावलं होतं. गिऱ्हाइकांना जमवून चित्रं दाखवली होती. गिऱ्हाइकांना नाक वर हवं होतं, मूठ उगारल्यासारखं. दोन्ही बाजू वर घ्यायच्या, बभ्रा करायचा नाही, आणि मार्चमध्ये चेट निवृत्त झाला की त्याच्या जागी डेल. नाहीतर माती कापायचं यंत्र आहेच. माणसं तशीही कमी करायची आहेत.

"मला विचारायचंस," चेट म्हणाला.

"तू नाही म्हणाला असतास. म्हणून नाही विचारलं."

"तुझी बाजू होती ना तुला? तिचा डोंगर केला असतास. माझ्या बाजूला का हात लावलास?"

"यंत्र घालणार होते तुझ्या बाजूवर, म्हाताऱ्या," डेल म्हणाला. "मला बघवलं नसतं. म्हटलं, निदान तुझ्यासारखी तरी करू."

शिव्या द्याव्यात तर यात माया होती, आणि माया म्हणावी तर तिनेच गळा कापला होता. चेटने पुडकं भट्टीवर ठेवलं.

तिथली आणखी एक रीत अशी की निवडलेली बाजू साच्याला जायच्या आधी, ती घडवणाऱ्याने गाडीच्या हनुवटीखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी, पात्याच्या टोकाने आपलं नाव कोरायचं. दुपारी सगळे जमले. चेटने पातं डेलपुढे धरलं. "तू कोर," तो म्हणाला. "बाजू तुझी आहे."

लोकांना वाटलं, गुरू शिष्याला मान देतो आहे. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. डेल लाल झाला, गुडघ्यावर बसला, गाडीखाली वाकला आणि उठला. चेटने नंतर वाकून पाहिलं. सी. व्रोना. अक्षरही चेटचंच काढलं होतं.

घरी आल्यावर डोलोरेसने विचारलं, निवडली का. निवडली, तो म्हणाला. कुणाची? माझी. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि सूप गरम करायला गेली. चार दिवसांनी त्याने सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "डेल आपल्या मेरीच्या लग्नात माझ्याबरोबर पोल्का नाचला होता." जणू तेवढ्यावरून माणूस भरवशाचा ठरायला हवा होता.

मार्चमध्ये निरोपसमारंभ झाला. डेलने भाषण केलं, चांगलं केलं. शुक्रवारच्या पत्त्यांना चेट जाईनासा झाला. चौथा गडी मिळेना म्हणून तो अड्डाच मोडला.

दोन वर्षांनी गाडी दुकानात आली. डोलोरेसने हट्ट धरला, बघायचीच. विक्रेत्याने शिडीवजा पायरी दाखवली, ती चढली, उशी मागितली, दुसरी मागितली, स्टिअरिंग धरलं. चेट गाडीपुढे गेला. उभा राहिला तर त्याचं डोकं आणि खांदे तिला दिसत होते. तिने हात हलवला. मग त्याने एक गुडघा टेकला, मग दुसरा. त्या पांढऱ्या झग्यांतल्या मुली साधारण एवढ्याच होत्या.

"चेट?" वरून आवाज आला. "कुठे गेलास?"

"इथेच आहे. पुढे."

"मला नाही दिसत."

"माहीत आहे," तो म्हणाला. उठायला हवं होतं, पण या वयात गुडघे सांगून ऐकत नाहीत. नाकासमोर जाळी होती, बुजवलेल्या दातांची. शेजारी दिवा, दिव्याचा कोपरा, आणि त्या कोपऱ्यात पत्र्यातही उतरलेली अंगठ्याची ती घडी. त्याने डोळे मिटून तळवा फिरवला. कुठे फुगवटा लागतो का पाहिलं. कुठेही नव्हता.

विक्रेता लगबगीने आला आणि त्याला हात देऊ लागला. "काय, साहेब, आवडली ना?"

"काम चांगलं आहे," चेट म्हणाला. "बायकोला उतरायला मदत कर, बाबा. आम्ही नाही घेत."