धायटीचा माळ

फाल्गुनात मी गाव सोडलं. येरमाळ्याच्या स्टँडवर मोटार लागली तरी आईचा पत्ता नव्हता. सुटायच्या बेताला ती धापा टाकत आली, ओच्यात धायटीची लाल फुलं घेऊन. "पुण्याचं पाणी बाधलं तर ही उकळून पी," म्हणाली आणि फुलं माझ्या ट्रंकेत ओतली. नव्या सदऱ्याला डाग पडतील म्हणून मी तिच्यावर खेकसलो. निघताना तिच्याशी बोललो ते एवढंच.

गावामागचा तो माळ म्हणजे नुसता मुरूम आणि खडक. सगळं वाळून गेलं की नेमकी तेव्हाच तिथली कंबरेएवढी धायटी अंगभर फुलायची. आम्ही पोरं फुलांतला मध चोखायचो. आई फुलं वाळवून कळंबच्या अत्ताराला औषधासाठी द्यायची. घरातलं हे एकच काम तिचं स्वतःचं होतं. प्रत्येक झुडपाची एक फांदी मात्र ती शिवत नसे. "माशीला ठिवावं लागतंय. समदं आपलंच न्हाय," म्हणायची.

आपला जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. पुण्याच्या कचेरीत मी 'निजामाकडचा'. माझ्या हाय-न्हायची हेडक्लार्क नक्कल करायचे, बाकीचे खिदळायचे. वर्षभरात मी जीभ घासूनपुसून लख्ख केली. मग एक दिवस टेबलावर कागद आला. रस्त्याच्या खडीसाठी जागा हवी होती, आणि नाव आपल्याच माळाचं होतं.

साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडचंच ना हे? काय उगवतं तिथं?"

धायटी म्हणालो तर पुन्हा हसतील, असं वाटलं.

"काही नाही साहेब. नुसते दगड."

माझ्याच वळणदार अक्षरात शेरा पडला, 'पडीक'.

पुढच्या शिमग्याला गेलो तर माळ उकरलेला. झुडपं मुळासकट खडीच्या ढिगाखाली गेलेली.

"लई गयावया केली बाबा त्या लोकांची," आई सांगत होती. "म्हणलं, माझं लेकरू तिकडं कचेरीत हाय, त्याला इचारा. त्याला समदं ठावं हाय. पर कुणी इचारलंच न्हाय तुला."

मी खाली मान घालून भाकरी मोडत राहिलो.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावच्या मंडळींनो, तुम्ही पत्रातून विचारता, घरी कधी येणार? कोणत्या तोंडानं येऊ? शेवटपर्यंत आई शेजारणींना सांगत होती, माझ्या पोराला विचारलं असतं तर माळ वाचला असता. माझ्यावर एवढा भरवसा ठेवणारं माणूस जिथं होतं, तेच माझं घर. तिला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मला विचारलं होतं.