काकांची लांबलचक लिंक

आज माझ्या काकूने काकांचा आवाज ऐकायला लिंक दाबली आणि समोर पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात नाचायला लागली.

आज काकांचं वर्षश्राद्ध होतं.

गुरुजी जेवून गेले, आणि काकू फोन घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "त्यांचं काहीतरी लाव गं. बोलतानाचं."

मी ग्रुप उघडून काकांच्या लिंका एकामागून एक दाबत सुटले.

जाहिरात.
जाहिरात.
पान उपलब्ध नाही.
परत जाहिरात.

काकू बिचारी म्हणाली, नेट स्लो असेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मनोहरकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. जन्मभर हाटपिपल्याला गणित शिकवलं, रिटायर होऊन देवासला आले. आपल्या देवास-धारच्या मराठी घरांचा जो व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात कुणी काहीही विचारलं, महालक्ष्म्यांना साडी कशी नेसवायची, लग्नात देवक कसं बसवायचं, की काका उत्तर रेकॉर्ड करायचे, नेटवर ठेवायचे आणि ग्रुपवर लिंक टाकायचे.

लिहून का नाही? कारण आपली पोरं हिंदी शाळेतली. मराठी बोलतात, पण चार ओळी वाचायच्या म्हटलं की घाम फुटतो. निदान ऐकतील तरी, असं काकांचं म्हणणं.

मग व्हॉइस नोट का नाही? तर फोन बदलला की ती जाते म्हणे. नेटवर ठेवलेलं टिकतं.

टिकतं!

त्यांची पहिली लिंक चांगली चार ओळींची होती. लगेच आमच्या ॲडमिनचा, बंडूभियाचा मेसेज आला, "काकाजी, लिंक छोटी करके डालो ना, पूरी स्क्रीन भर जाती है।" आणि खाली सगळ्यांचे अंगठे.

कशासाठी हवी होती रे तुम्हाला ती स्क्रीन? गुड मॉर्निंगच्या गुलाबांसाठी?

काका साधा माणूस. चूक झाली म्हणून ग्रुपची माफी मागितली आणि लिंक छोटी करून देणारी कुठलीशी फुकटातली साइट शोधून काढली.

खोटं कशाला बोलू, त्यांना ती आवडलीसुद्धा. पाच-सहा अक्षरांचा मामला. सोनकच्छच्या माईंना व्हॉट्सॲप जमत नाही, तर काका त्यांना फोनवर एकेक अक्षर सांगायचे आणि त्यांची सून ते कॉम्प्युटरवर टाईप करायची. काकूच्या हळदीकुंकवाच्या निमंत्रणावरसुद्धा खाली छोटी लिंक छापली होती. एवढं सुख त्यात आहे, मान्य. बोलणं चाललेलं असताना मध्ये चार ओळींचा कचरा येत नाही, तेही मान्य.

पण छोट्या लिंकेकडे बघून काही म्हणजे काही कळत नाही. आत काय आहे, कुठे ठेवलंय, कोण सांभाळतंय. वर नाव लिहावं, तर काका म्हणायचे, पोरं वाचणार थोडीच. म्हणून नुसती लिंक.

मग मनावर गावातल्या कुणीतरी लग्नपत्रिका समजून भलतीच छोटी लिंक दाबली आणि त्यांचा फोन हॅक झाला. झालं! त्याच बंडूभियाने नियम काढला, छोटी लिंक कोई नहीं खोलेगा.

अरे, छोटी कर म्हणणारे तुम्हीच ना?

त्यानंतर काकांची उत्तरं ग्रुपवर नुसती पडून राहिली. ते मला विचारायचे, "ऐकलं का गं कुणी?" मी ऐकायचे. मी आणि सोनकच्छच्या माई. बस, दोघीच.

काका गेले, आणि काही महिन्यांत ती साइटही बंद पडली. ना सूचना, ना निरोप. तिचा पत्ता कुणीतरी विकत घेऊन तिथे जुगार मांडला. काकांचं रेकॉर्डिंग नेटवर कुठेतरी सुखरूप असेल, पण तिथे पोचायचं कसं? पासवर्ड त्यांच्या डोक्यात होता. ओटीपी येणार त्यांच्या सिमवर, आणि ते सिम रिचार्ज न केल्यामुळे बंद झालं.

माणूस गेला ते समजू शकते. हे मला समजत नाही. माझं डोकं फिरतं.

आज सकाळी ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती. काकांची एक लिंक तरी कुणी दाबून बघितली असती, तर त्या जुगाराबद्दल मला आधी कळलं असतं. काकूसमोर नसतं कळलं.

रागारागाने मी ग्रुप वर वर सरकवत गेले. थेट सुरुवातीला. तिथे ती होती. चार ओळींची, जिच्यावरून तुम्ही त्यांना बोललात ती.

दाबली.

लागली.

काका बोलायला लागले. महालक्ष्म्यांचे मुखवटे कसे पुसायचे ते सांगत होते. चिंच लावू नका, रंग जातो, मऊ ओल्या फडक्याने पुसा. मध्ये खोकले. आणि शेवटी:

"अगं, हे बंद कुठून करायचं?"

शेजारून काकूचा आवाज, "खालचं लाल दाबा."

"दाबलं."

"दाबलंत तर आवाजाची रेघ हलतेय कशी?"

इथे संपलं.

काकू फोनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दाबलंच नव्हतं त्यांनी." आणि म्हणाली, परत लाव.

संध्याकाळपर्यंत तेच लावून बसलो होतो.

आत्ता ती लिंक मी ग्रुपवर टाकली. अख्खी. वर मराठीत आणि हिंदीत लिहिलं की आत काय आहे. बंडूभियाचं उत्तर आलंय, "दीदी, थोड़ी छोटी करके डालो।"

नाही करणार. भरू दे स्क्रीन.

काका, आजची श्रद्धांजली भावपूर्ण नाही, चिडून वाहिलेली आहे. गोड मानून घ्या.

काकूने ऐकलं तुमचं.