घाटातलं नववं वळण

घाटात फटफटीवर जाऊन फोटो टाकणाऱ्या पोरांनो, आज म्या बी गेले हुते. वय पंच्याऐंशी, नातवाच्या मागं बसून, तुळजापूरचा घाट.

"आज्जे, दरी बघ, काय भारी दिसतीया."

म्हणलं, दरी म्या बघते, तू रस्ता बघ. मला तर वळणं मोजायची हुती.

निजामाच्या काळात माझा दोन वर्साचा भाऊ तापानं फणफणला. बैलगाडीतनं सोलापूरच्या डाक्टराकडं न्हेताना याच घाटात त्यानं जीव सोडला. वडलांनी तिथंच कडंला पुरला. मातीला बाया जात नसत्यात म्हणून आईला गाडीतनं उतरू दिलं न्हाय. तिला आकडे येत न्हवते, मला सहा वर्साच्या पोरीला वीसपतूर येत हुते. म्हणाली, "वरनं कितवं वळण हाय, ध्यानात ठिव."

नववं. ती मरूस्तोवर इचारायची, म्या सांगायची.

आज पाचव्या वळणालाच घाट संपला.

"डोंगर फोडून रस्ता सरळ केलाय, आज्जे."

"मग नववं कुठं गेलं?"

बिचाऱ्यानं तीनदा वरखाली फिरवलं, दर बारी पाचच. मागं बसून म्या काय करणार, शिव्या दिल्या नुसत्या.

रस्ता चांगला झालाय, न्हाय म्हणत न्हाय. पण जुना रस्ता कुणीकडनं उतरायचा, हे तुमच्या घरातल्या एखाद्या म्हाताऱ्याला ठावं हाय का? असंल तर आजच इचारून सांगा. उद्यावर ठेवायला त्यो बी तरणा न्हाय अन् म्या बी.