मानेचं माप

राजारामपुरीतल्या एका मणक्यांच्या दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट आहे. मानेचे मणके झिजले, नस दाबली गेली, की ते एमआरआयमध्ये दिसतं. पण त्यापायी माणसाच्या हातापायांचं काय काय अडतंय, ते मोजायचं काम माझं. आणि कोल्हापूरकर दुखणं कबूल करत नाहीत. मग किस्से साठणारच!

*

कसबा बावड्याचे एक काका बुलेटवरून आले, मागं काकू. किती दुखतं, शून्य ते दहामध्ये सांगा म्हटलं. दहा म्हणजे अजिबात सहन न होणारं.

"सहन हुईना तर गाडी चालवत आलो असतो का? शून्य लिवा."

मान मात्र जराही वळत नव्हती. मग मागची वाहनं कशी दिसतात, विचारलं.

काकांनी काकूंकडं बोट केलं. "मागचं ही बघती की."

दोन महिन्यांच्या व्यायामानं मान मोकळी झाली. काकूंना विचारलं, आता कसं वाटतंय? त्या म्हणाल्या, "आता गाडीवर डुलकी लागती."

*

मगदूम अण्णांचं कापडाचं दुकान. हाताला काही झालेलं नाही म्हणायचे, पण आले टी-शर्ट घालून. मी एक शर्ट देऊन बटणं लावायला सांगितली. बराच वेळ झटले, एकही लागेना. मग हळूच म्हणाले, पोरीला वाटतंय बाबा मॉडर्न झाला.

ऑपरेशन झालं. बोटांत जीव यायला वेळ लागला. ऐन मे महिन्यात अण्णा आले, गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या फुल शर्टात, घामानं निथळत. वरचं तरी सोडा म्हटलं.

"लावलंय ते सोडायसाठी न्हाई."

*

शाहूवाडीच्या आजोबांचे पाय म्हणे ठणठणीत होते. भाताचे बांधच अरुंद झालेत, अशी त्यांची तक्रार! फरशीवरच्या सरळ रेघेवर चालायला सांगितलं, तर दुसऱ्याच पावलाला तोल गेला.

ऑपरेशननंतर काठी बाजूला ठेवून त्यांनी अख्खी रेघ पार केली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "रेघ रुंद केलीसा व्हय?"

*

आणि सुनीतावहिनी. म्हैस दूध कमी द्यायला लागली, म्हणून घरच्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी स्वतः धार काढली, तर बादली भरली. म्हशीला काही झालेलं नाही, वहिनींना दाखवा, म्हणाले.

मी वहिनींना दहा सेकंद भराभर मूठ उघडमीट करायला लावली. मिटलेली बोटं उघडेनात. दुखत नव्हतंच काही. वहिनी आपल्या हाताकडं बघत राहिल्या. "म्हशीला लई वंगाळ बोलले हो मी," म्हणाल्या आणि डोळे पुसले.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी नवरा-बायको तपासणीला आले. मी मूठ मोजायला घड्याळ काढलं. नवरा म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या, मॅडम. घरात रेडकू बोंबलतंय. त्याला थेंब उरत न्हाई."