नसलेल्या टाकीची सावली

भूतबीत मी मानत नाही. जालन्यात सोलरची डिझाइन्स करतो. सावली पडली तर ती कशाची, हे आमचं सॉफ्टवेअर सांगतं. म्हणूनच हा प्रकार मला अजून पचलेला नाही...

माझा मित्र गणेश पुण्यात नोकरीला. हसनाबादच्या घरावर सोलर बसवायचं म्हणून त्याने गच्चीची मापं आणि फोटो पाठवले. मी आळशीपणा केला – जागा न बघताच डिझाइनला बसलो. गणेशच्या आईची, म्हणजे काकूंची अट एकच: कुरडया-पापड वाळवायला मोठी जागा मोकळी हवी. मग सगळी पॅनल्स आणि ती धरून ठेवणारे काँक्रीटचे जड ठोकळे एका रिकाम्या कोपऱ्यात कोंबले.

सिम्युलेशन लावलं. स्क्रीनवर सूर्य सरकला आणि त्या कोपऱ्यात जाडजूड सावली आली, वर गोलसर. मॉडेलमध्ये तिथे काहीच नव्हतं! फाईल उडवली, नवी काढली, सहकाऱ्याच्या कॉम्प्युटरवर चालवली... सावली तिथेच. तो म्हणाला, "पाण्याची टाकी असेल." पण फोटोत टाकी दुसऱ्या टोकाला, जिन्यावर होती.

वैतागून दुसऱ्या दिवशी सकाळी हसनाबाद गाठलं. कोपऱ्यात लख्ख ऊन. सहज टाच आपटली, तर पोकळ आवाज आला.

"काकू, इथं काही होतं का?"

"टाकी व्हती की! लय वर्सं गळायची. मंग काढली अन् वरून सिमेंट फासलं. खाली ओल दिसायची म्हणून पीओपीचं छत करून घेतलं. आण्णाची खोली हाय ना ती, तिथं वारं बराबर लागतं."

आण्णा म्हणजे गणेशचे वडील. लकवा झाल्यापासून अंथरुणावरच. खाली जाऊन पीओपीतला एक दिवा काढला, भोकातून टॉर्च मारला. स्लॅब फुगलेला, सळया गंजून उघड्या. बरोबर खाली आण्णांची उशी. आणि या स्लॅबवर मी ते ठोकळे ठेवणार होतो.

"काकू, खाट आत्ताच्या आत्ता हलवा!"

शेजाऱ्यांना हाक मारून आम्ही आण्णांना खाटेसकट उचललं. ते अडखळत म्हणाले, "काय करून राह्यले रे?" आम्ही खाट दुसऱ्या खोलीत नेली.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री टेकू लावायला गेला, तर घमेल्याएवढा तुकडा धाडकन खाली आला. रिकाम्या फरशीवर. काकू माझा हात धरून रडल्या. मीही रडलो, पण खरं सांगतो, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

आता स्लॅब नवा आहे, पॅनल्स दुसऱ्या बाजूला आहेत आणि त्या कोपऱ्यात पापड वाळतात. तुम्ही म्हणाल, सॉफ्टवेअरने उपग्रहाचा जुना फोटो उचलला असेल. नाही हो, ती गच्ची मी गणेशच्या मापांवरून हाताने काढली होती. तीच फाईल परवा पुन्हा चालवली. सावली नाही.

का दिसली, कुठे गेली, कुणास ठाऊक. पण आण्णा आहेत. तेवढं मला पुरे.